गाभण असेल, नसेलही

आमच्या दवाखान्याच्या नोंदवहीत गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने आखलेले आहेत. ससा शेवटच्या ‘इतर’मध्ये जातो. वसमत तालुक्यात मी पशुधन विकास अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा हा रकाना महिनोन्महिने कोरा असायचा. करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, लेकरं घरात अडकली आणि आईबापांनी त्यांना सोबत म्हणून ससे आणून दिले. नांदेडला गेलेलं कुणी येताना पिशवीत जोडी घालून आणायचं. तेव्हापासून हा रकाना भरू लागला आणि त्यातला निम्म्याहून जास्त मजकूर एकाच प्रश्नाचा असतो: मॅडम, ही गाभण आहे का?

गाईच्या बाबतीत हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. कृत्रिम रेतन केल्याची तारीख कार्डावर असते. दोन-अडीच महिन्यांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, शेणाच्या वाटेनं हात आत घालायचा, गर्भाशयाचं शिंग चाचपायचं. बोटांना कळतं आणि मी मालकाला तिथंच सांगते, गाभण आहे किंवा नाही. मालक त्यावर पेंडीचा हिशोब मांडतो, कुणी खाली गाय विकायला काढतो. त्या उत्तराला पैशाचं मोल असतं. सशाच्या बाबतीत समोर बहुतेकदा लेकरू उभं असतं आणि पुष्कळदा माझ्याकडे ठाम उत्तर नसतं. सगळा काळच मुळी एकतीस दिवसांचा. शंका येऊन माणसं दवाखान्यात पोचेपर्यंत त्यातले निम्मे सरलेले असतात.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्ही ससा शिकलो तो थोडक्यात. लस आणि औषधं तपासायचा प्रयोगशाळेतला प्राणी म्हणून, आणि मांसासाठी पाळायचा प्राणी म्हणून. घरात नाव घेऊन हाक मारायचा ससा आमच्या पुस्तकात नव्हता. तो मला शिकवला तो इथल्या घरांनी.

त्यातलं एक घर कुरुंद्याच्या बाजूच्या गावातलं. हळदीचं शेत, एक दूध देणारी म्हैस, घरात आजी, आईबाप, सातवीतली मुलगी आणि तिचा लहान भाऊ. जुलै 2024ची गोष्ट. 10 जुलैला सकाळी सातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचा 4.5 तीव्रतेचा धक्का बसला होता. मार्चमध्येही तसाच एक बसून गेला होता. आमच्या भागाला जमिनीखालचे आवाज नवे नाहीत. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतली माणसं वर्षानुवर्षं त्या गूढ आवाजांबद्दल सांगत आली आहेत. पण जुलैचा धक्का मोठा होता. पत्रे वाजले, फडताळातली भांडी पडली, माणसं अंगणात आली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी हे घर दवाखान्यात आलं. मुलीच्या हातात भाजीचं जाळीदार क्रेट, त्यात पांढरी मादी. मागे आजी.

“हिला खरूज झालीय का बघा मॅडम,” मुलगी म्हणाली. “छातीवरचे केस जाऊ लागलेत.”

आजीनं तिला बाजूला सारलं. “खरूज न्हाई. पोटुशी होती ती. त्या दिवशीच्या धक्क्यानं पोट गेलं तिचं. कामून की घर बांधाय लागली होती, आन् आता नुसती बसून ऱ्हाती.”

मी मादीला उलटं न करता टेबलावर गोणपाटाच्या तुकड्यावर ठेवलं. गळ्याखालचे आणि छातीचे केस झुबक्यानं गेलेले होते, पण कातडी स्वच्छ होती. खरजेत कानाच्या कडा, नाक, पंजे यांवर पांढरी जाड खपली धरते आणि जनावर खाजवून बेजार होतं. इथं खपली नव्हती. केस तिनं स्वतःच्या तोंडानं उपटले होते. पिंजऱ्यात त्यांचा ढीग आहे आणि त्यात गवताच्या काड्या आहेत, असं मुलीनं सांगितलं तेव्हा शंका उरली नाही. ही सशाच्या मादीची बाळंतपणाची तयारी. व्यायच्या आधी एक-दोन दिवस, कधी त्याहून आधी ती तोंडात काड्या धरून फिरते, एक कोपरा निवडते, आपल्याच अंगावरची लव उपटून आतून मऊ अस्तर करते. त्यात दुहेरी फायदा असतो. पिलांना ऊब मिळते आणि सडांच्या भोवतालचे केस निघाल्यानं पिलांना सड सापडतो.

“तुमच्याकडे नर आहे का?”

“न्हाई. दोन्ही माद्याच हायेत. विकणाऱ्यानं सांगितलंय.”

मी दुसरा ससा आणायला लावला. संध्याकाळी वडील तो घेऊन आले. नर होता.

हे जवळपास प्रत्येक जोडीत होतं. दोन महिन्यांच्या आतल्या पिलाचा नर-मादी भेद ओळखणं सरावलेल्या हातालाही अवघड जातं. लघवीच्या जागेच्या दोन्ही बाजूंनी अगदी हलका दाब दिला की मादीत चीर दिसते, नरात गोल नळीसारखं टोक वर येतं. पण लहान पिलात दोन्ही सारखंच वाटतं. विकणारा मागणाऱ्याला हवं ते सांगतो. तीन महिन्यांच्या आसपास नराच्या गोट्या खाली उतरतात आणि तोवर घरातली माणसं पुन्हा उलटं करून पाहायच्या भानगडीत पडलेली नसतात. मादी चार-पाच महिन्यांची झाली की फळू शकते.

मग त्या मादीनं घर केलं होतं तर पिलं कुठं होती? इथं सशाच्या शरीराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गाय-म्हैस ठरावीक दिवसांनी माजावर येते, तिचं बीज आपल्या वेळेनं सुटतं. सशाच्या मादीचं तसं नाही. तिचे बीजकोश तयार राहतात आणि नर चढल्यानंतर साधारण दहा-बारा तासांनी बीज सुटतं. म्हणून ती इतकी नेमानं फळते. पण बीज सुटलं आणि फळलं नाही, म्हणजे नर अजून कच्चा असला, उन्हाळ्यानं त्याचं वीर्य निकामी झालेलं असलं किंवा दुसरी मादीच तिच्यावर चढली, तरी शरीर समजतं की गर्भ राहिला. सोळा-अठरा दिवस ते तसंच वागतं. सड फुगतात, मादी चिडते, हात लावू देत नाही, शेवटी घर बांधते, केस उपटते. याला आम्ही खोटी गर्भधारणा म्हणतो, पण त्या मादीच्या लेखी त्यात खोटं काही नसतं. तिचं सगळं अंग त्या कामाला लागलेलं असतं.

आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. सशाला तिशीच्या पुढं त्रास सुरू होतो. उन्हाळा काढलेल्या नराचं वीर्य पुढचे काही आठवडे कमजोर राहतं. पत्र्याखाली ठेवलेल्या त्या नरानं मे-जून कसे काढले असतील, हे पाहता जुलैतला तो सगळा प्रकार खोट्या गर्भधारणेचा असावा, असं माझं मत झालं. पण आजी म्हणत होती ते मी उडवून लावलं नाही. सशाच्या मादीला मोठा धसका बसला, आजारपण आलं, तर पहिल्या पंधरवड्यातले गर्भ पोटातल्या पोटात विरून जातात. बाहेर काही पडत नाही, रक्तही दिसत नाही. उशिराचे असतील तर गाभ पडतो आणि तो दिसतो. यातलं नक्की काय झालं होतं, हे त्या दिवशी बाहेरून सांगणं शक्य नव्हतं. मी आजींना दोन्ही शक्यता सांगितल्या.

“मग आता गाभण हाय का न्हाई?”

“असेलही. घर केलंय म्हणजे व्यायची असली तर चार दिवसांत व्यायला पाहिजे. तोवर गाभण आहे असं धरून चाला.”

मी तिचं पोट दाबून पाहिलं नाही. गर्भ चाचपायचा योग्य काळ दहाव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंतचा. त्या वेळी पोटाच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या मण्यांसारख्या गाठी बोटांखालून सरकतात. लेंडीही तशीच लागते, पण लेंडी कडक असते आणि वरच्या बाजूला कण्याजवळ असते. त्यानंतर गर्भ मोठे होऊन आतड्यांशी एकजीव झाल्यासारखे लागतात आणि दाबानं इजा व्हायची भीती वाढते. घर केलेल्या मादीचं पोट दाबायला नको, हे मी सगळ्यांना सांगते. अंदाज करायला बसलेली शेजारपाजारची माणसं एकामागून एक पोट दाबून बघतात आणि त्यात जिवंत गर्भ मरतात.

एकानं मेडिकलमधली बायकांची तपासणीपट्टी आणली होती, सशाच्या लघवीवर चालेल का म्हणून. चालत नाही. बाईच्या वारेतून जो विशिष्ट स्राव येतो, तो ती पट्टी ओळखते. सशाच्या वारेत तो तयार होत नाही.

पण त्या पट्टीच्या मागं सशाचाच इतिहास आहे आणि तो मला सांगावासा वाटतो. 1931 मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅफम या दोघांनी गर्भ ओळखायची एक तपासणी काढली. दिवस राहिल्याची शंका असलेल्या बाईची लघवी सशाच्या कोवळ्या, नर न पाहिलेल्या मादीच्या कानाच्या शिरेत टोचायची. सुमारे दोन दिवसांनी तिचं पोट उघडून बीजकोश पाहायचे. बीज सुटलेलं दिसलं की बाई गरोदर. नराशिवाय मादीचं बीज सुटत नाही, हाच या तपासणीचा आधार. उत्तर होय असो की नाही, ससा मरायचाच. पुढं नव्या तपासण्या येईपर्यंत, तीसेक वर्षं, जगभरातल्या कितीतरी बायकांना पोटातल्या लेकराची बातमी अशी मिळाली. सशाची मादी टेबलावर आली की मला हे आठवतं आणि तिला हळू धरावंसं वाटतं.

चार दिवस गेले, सहा गेले, पिलं आली नाहीत. छातीवर नवी लव उगवायला लागली. मुलीनं फोन करून सांगितलं. आवाजात निराशा होती, सुटकाही होती. मी नर कायमचा वेगळा ठेवायला सांगितला. मधे नुसती जाळी नको, कारण पिंजरे शेजारी असले तरी दोघं अस्वस्थ राहतात. नर खच्ची करून घ्यायचा असेल तर परभणीच्या महाविद्यालयाच्या चिकित्सालयात विचारा आणि खच्ची झाल्यावरही महिना-दीड महिना त्याला मादीजवळ सोडू नका, हेही सांगितलं. सशाला भूल देणं कुत्र्याइतकं सरळ नसतं. साधनं आणि सराव असलेल्या ठिकाणीच ते करावं, असं माझं ठाम मत आहे.

नागपंचमीला बहिणी-लेकी झोके खेळायला वाड्यावर जमल्या होत्या. धाकट्या भावानं नराच्या पिंजऱ्याची कडी काढली. मुलगी धावत आली तोवर नर मादीवरून खाली पडला होता. सशांत हा प्रकार काही सेकंदांचा असतो. नर एका अंगाला कलंडतो, तेवढीच खूण. त्या रात्री मला संदेश आला: “मॅडम, आता तारीख कळली आहे.”

मला तिचं हे वाक्य फार आवडलं. बाकी कुणी घाबरून गेलं असतं. तिनं वहीत 9 ऑगस्ट लिहून ठेवलं होतं.

तारीख कळली म्हणून गर्भ राहिला असं होत नाही. त्या भेटीतून गर्भही राहिला असेल, पुन्हा खोटी गर्भधारणाही झाली असेल. मी तिला सांगितलं, सतरा-अठरा दिवसांच्या सुमारास केस उपटले तर ती खोटी समज, महिना भरत आल्यावर उपटले तर खरी. राखीपौर्णिमा झाली आणि दोन दिवसांनी त्या बाजूच्या गावांत जनावरांच्या लसीकरणाचं काम निघालं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. माजघरात बसून, मादीला माझ्या मांडीवर शांत होऊ देऊन, अंगठा आणि दोन बोटांनी पोट हलकं चाचपलं. गाठी लागल्या. किती, ते मोजायच्या भरीला मी पडले नाही.

आजींचा चेहरा उजळला आणि त्या उठून आत गेल्या. परत आल्या त्या गूळ, शेंगदाणे आणि डिंकाचा लाडू घेऊन. घरातल्या प्रत्येक लेकीसुनेला त्यांनी हेच खाऊ घातलं होतं. त्यांना नको म्हणताना मला जड गेलं. सशाच्या पोटात गवत कुजवणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्यावर त्याचं सगळं जगणं चालतं. गूळ, पोळी, भात, बिस्किट गेलं की ते जीव मरतात, भलतेच वाढतात, पोट फुगतं आणि जनावर दोन दिवसांत जातं. गाभण मादीत हे आणखी लवकर होतं. मी आजींना म्हटलं, हिचे डोहाळे बांधावर आहेत. बांधावरचं मारवेल, हराळी वाळवून दिवसरात्र पुढं ठेवा. त्याच्या जोडीला रोज मूठभर लसूणघास, कधी मेथीच्या काड्या. कोवळी ज्वारी मात्र अजिबात नको, ज्या ज्वारीनं गुरांना किराळ लागते ती सशालाही तशीच मारते. हळदीवर, सोयाबीनवर फवारणी झाली असेल त्या बांधाचं गवत पंधरा दिवस कापू नका. आजींनी लाडू परत डब्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून मारवेल कापायचं काम स्वतःकडे घेतलं.

औषधांचं मी दोनदा सांगितलं, कारण तिथं जीव जातात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी जो फिप्रोनिलचा फवारा घरात असतो, तो सशावर मारला की ससा झटके येऊन मरतो. लेकरांच्या तापाचं अमॉक्सिसिलिनचं सायरप तोंडानं दिलं की पोटातले चांगले जीव मरून हगवण लागते. दोन्ही गोष्टी घरोघरी असतात आणि दोन्ही मायेपोटी दिल्या जातात. माझी विनंती एकच असते: सशाला काहीही देण्याआधी फोन करा. आणि त्यानं बारा तास काही खाल्लं नसेल किंवा लेंडी टाकली नसेल तर सकाळची वाट पाहू नका. व्यायला आलेली लठ्ठ मादी खायची थांबली तर तिच्या रक्तात विष साठायला लागतं, मग हातात फार थोडा वेळ राहतो.

वडिलांनी फळ्यांची पेटी केली. मादी आत वळू शकेल एवढी लांबी-रुंदी, पुढची बाजू वीतभर उंच ठेवून मधोमध खाच, म्हणजे आई उडी मारून आत जाईल आणि पिलं रांगत बाहेर येणार नाहीत. तळाला भोकं, लघवी निथळायला. पिंजरा पत्र्याच्या शेडमधून मागच्या खोलीत हलवला. तळाच्या जाळीवर फळी टाकली. महिना भरायला चार-पाच दिवस राहिले की पेटी आत ठेवायची. आधी ठेवली तर मादी ती मोरी म्हणून वापरते.

मग 1 सप्टेंबर आला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मराठवाड्यात जो पाऊस पडला, तो इथली माणसं विसरणार नाहीत. हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये नद्या गावांत शिरल्या, सोयाबीन पाण्याखाली गेलं, गोठ्यातली जनावरं वाहून गेली. 2 तारखेला पोळा होता. बैलांना झुली घालायच्या दिवशी माणसं बैल उंचावर नेऊन बांधत होती. पुढचे दिवस मी पंचनाम्यांत आणि चिखलात होते. मेलेल्या जनावरांच्या कानातले बिल्ले वाचत होते. अशा दिवसांत एका सशाची आठवण काढायला मला सवड नव्हती आणि कुणी मागितलीही नसती. मुलीचा संदेश तिसऱ्या दिवशी वाचला. घरात पाणी आलं नव्हतं, पण खोली गळत होती. त्यांनी पिंजरा उचलून देवघराच्या ओट्यावर ठेवला होता. मादी पाय आपटत होती, दिवसभर काही खाल्लं नव्हतं, रात्री गवत खाल्लं. “आता गेलं असेल का मॅडम?”

पाय आपटणं ही सशाची भीतीची खूण. चोविसाव्या दिवशी गर्भ पडला असता तर पिंजऱ्यात दिसला असता. पण पोटात मेला असता तर दिसला नसता. मी लिहिलं: गवत खाल्लं हे चांगलं झालं. अंधार ठेवा, कुणी जवळ जाऊ नका, पाण्याचं भांडं भरलेलं असू द्या. त्याच्यापलीकडं माझ्यासारख्या डॉक्टरच्या हातात तेव्हा काही नव्हतं आणि तेच मी तिला सांगितलं.

गणपती बसले. पेटी आत गेली. मादी दोन दिवस पेटीवर बसून राहिली, आत गेली नाही. 9 तारखेला एकतीस दिवस भरले आणि काही झालं नाही. मी मनात तेहतीस-चौतिसावा दिवस धरून ठेवला होता. त्याच्या पुढं गेली तर एखादं मोठं मेलेलं पिलू अडकलेलं असतं आणि मादी जाते. 10 तारखेला त्यांच्या घरी महालक्ष्म्या यायच्या होत्या. पहाटे साडेपाचला फोन आला तो मुलीचा नव्हता, आजींचा होता.

“बाई, लक्ष्म्यांच्या आधी हिची पिलवंडं आली बघा.”

आमच्याकडे महालक्ष्म्यांसमोर त्यांची लेकरं मांडतात, ती पिलवंडं. आजींनी तोच शब्द त्या मादीच्या पिलांना दिला.

सशाचं बाळंतपण अर्ध्या तासाच्या आत आटोपतं, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे. वार आईच खाऊन टाकते, म्हणून सकाळी सगळं कोरडं आणि स्वच्छ सापडतं. मुलीनं पेटीत पाहिलं तेव्हा केसांचा ढीग तेवढा दिसत होता, आणि तो आतून हलत होता. मी फोनवर सांगितलं तसं तिनं केलं. हात धुतले, आईच्या गवतात चोळले, आई खात असताना केस बाजूला करून मोजलं. सहा जिवंत, एक मेलेलं. मेलेलं काढून घेतलं. त्या सहांतलं एक पिलू पेटीबाहेर फळीवर पडलेलं होतं, थंडगार. मांजर आपलं पिलू तोंडात धरून जागेवर नेते, सशाची आई तसं करत नाही, बाहेर पडलेलं पिलू तिथंच राहतं. मुलीनं त्याला ओंजळीत धरून, नंतर कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी ठेवून, हालचाल करायला लागल्यावर बाकीच्यांमध्ये खोचलं. तेही जगलं.

त्या तीन दिवसांत घर पाहुण्यांनी भरणार होतं. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, वाड्यातल्या सगळ्या घरांची लेकरं. आणि सगळ्या लेकरांना पिलं बघायची होती. नवीन व्यालेल्या मादीला सतत कुणी डोकावून त्रास दिला तर ती पिलांवर पाय देते, कधी त्यांना कुरतडते. मुलगी मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली आणि तीन दिवस, लक्ष्म्यांचं विसर्जन होईपर्यंत, जेवायला उठण्यापुरती हलली. मावशी रागावली, मामा रागावले. तिनं कुणाला आत जाऊ दिलं नाही. मला ती त्या घरातली सगळ्यात समजदार व्यक्ती वाटते.

तिसऱ्या दिवशी तिचा रडवेला फोन. आई पिलांकडे जातच नाही, दिवसभर लांब कोपऱ्यात बसते. हा फोन मला सशांच्या प्रत्येक बाळंतपणानंतर येतो आणि इथंच पुष्कळ पिलं मरतात, कारण माणसं ती उचलून ड्रॉपरनं म्हशीचं दूध पाजायला लागतात. सशाची आई चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही रात्री किंवा पहाटे तीन-चार मिनिटं. दूध इतकं दाट असतं की तेवढ्यावर पिलाचा दिवस निघतो. बाकी वेळ ती मुद्दाम लांब राहते. मोकळ्या रानात असंच लांब राहून ती शिकाऱ्याला घराचा पत्ता लागू देत नाही. मी मुलीला म्हटलं, आईकडे बघू नकोस, सकाळी पिलांच्या पोटाकडे बघ. पोट गच्च गोल आणि कातडी ताणलेली असेल तर ती पाजून गेली आहे. सुरकुतलेली कातडी आणि सतत वळवळ असेल तर मला सांग. थोड्या वेळानं तिचा संदेश आला: सगळ्यांची पोटं गोल आहेत.

दर हंगामात, सोयाबीन काढणी सुरू झाली की, माझ्याकडे वेगळ्याच पिलांची रांग लागते. मजुरांना कापणीत रानसशाचं पिलू सापडतं, ते लेकरांसाठी घरी आणतात आणि घरच्या मादीच्या पेटीत घालावं का असं विचारतात. रानसशाचं पिलू जन्मतःच डोळे उघडलेलं आणि अंगभर केस असलेलं असतं. पाळीव सशाचं उघडं, आंधळं, त्याचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. त्यांचं एकमेकांशी जमत नाही, दूधही जमत नाही. रानससा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, त्याला पाळता येत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याची आई अंधार पडला की त्याच जागी पाजायला येते. पिलू उचलून आणलं असेल तर त्याच दिवशी, त्याच ओळीच्या कडेला परत ठेवा, असं मी सांगते. पुष्कळ जण ठेवून येतात.

कुरुंद्याकडची सहा पिलं तिसऱ्या आठवड्यात पेटीबाहेर आली आणि गवत चघळायला लागली. आई या काळात एरवीपेक्षा दुपटीहून अधिक पाणी पिते. आजी दिवसातून तीनदा भांडं भरायच्या. नर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि त्याच्या पिंजऱ्याला आता कुलूप होतं. सशाची मादी व्याल्यावर काही तासांत पुन्हा फळू शकते. ते झालं असतं तर दिवाळीच्या आधीच दुसरं वेत आलं असतं आणि त्या मादीला ते झेपलं नसतं.

दिवाळीला पिलं सात आठवड्यांची होती. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या पाहुण्यांनी मागून ठेवली होती. द्यायच्या आधी मुलगी सगळी घेऊन दवाखान्यात आली. आम्ही टेबलावर एकेक पिलू घेतलं, उजेडात दोनदा पाहिलं. त्या वयातही दोघांबद्दल माझी खात्री झाली नाही, ती दोन तिनं आणखी तीन आठवडे स्वतःकडे ठेवली आणि पुन्हा आणून दाखवली. प्रत्येकाबरोबर तिनं चिठ्ठी दिली: जन्म 10 सप्टेंबर, नर किंवा मादी, गवत कोणतं, काय द्यायचं नाही, आणि शेवटी दवाखान्याचा नंबर. एका घरात दोन द्यायची असतील तर दोन्ही माद्याच, हे तिनं स्वतः ठरवलं होतं. औंढ्याच्या मामांनी जोडी मागितली, तिनं दिली नाही.